तिथी ठरवून आलेले पाहुणे

आकुरेरी हे आइसलंडच्या उत्तरेकडचं गाव. एका लांबलचक फ्योर्डच्या टोकाला वसलेलं, आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम शंभर किलोमीटरवर. वस्ती वीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. पण त्यांच्या हिशेबात ते शहर. उन्हाळ्यात इथे क्रूझ जहाजं लागतात. एका मोठ्या जहाजातून तीन-चार हजार माणसं उतरतात, धक्क्यावर रांगेत उभ्या असलेल्या बसमध्ये बसतात आणि पाच-सहा तासांत परत येतात. या सहलींना ‘शोर एक्स्कर्शन’ म्हणतात. आकुरेरीची ठरलेली सहल म्हणजे आधी गोदाफॉस नावाचा धबधबा आणि मग मीवात्न तळ्याजवळचं गरम पाण्याचं कुंड.

गेल्या जुलैत मी आई-बाबांना घेऊन ही सहल केली. मी जर्मनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, ते दोघं ठाण्याहून महिनाभर आले होते, जहाज हॅम्बुर्गहून सुटणार होतं. काय काय पाहिलं याची यादी इथे देणार नाही, त्यासाठी रील्स आहेत. मला तेव्हापासून एका प्रश्नाने धरून ठेवलंय: जिथे आपण मोजून सहा तास असणार आहोत, त्या जागेचं आपण काही देणं लागतो का?

‘अतिथी’ या शब्दाची आपल्याला शाळेत शिकवलेली फोड म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही तो. (जाणकार म्हणतात की शब्द ‘अत्’, म्हणजे भटकणे, या धातूवरून आलाय. पण लोकांच्या मनात पहिलीच फोड बसलीय आणि ती छानही आहे.) क्रूझचा प्रवासी याच्या बरोबर उलटा. कोणत्या दिवशी, किती वाजता, किती माणसं येणार हे गावाला कितीतरी महिने आधीच माहीत असतं. शिवाय हा पाहुणा पोटभर नाश्ता करून येतो, आपली गादी बरोबर आणतो आणि रात्री तिच्यावरच झोपायला जातो. यजमानाने करायचं तरी काय?

कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात परक्या माणसाच्या हक्कांवर एक प्रकरण आहे. पृथ्वी गोल आहे, माणसं तिच्यावर अनंत अंतरापर्यंत पांगू शकत नाहीत, म्हणून कधी ना कधी एकमेकांच्या दारात येणारच. तेव्हा दारात आलेल्याला शत्रू समजू नये, असं तो म्हणतो. पण इथे तो एक बारीक रेघ मारतो. परक्याला भेट देण्याचा हक्क आहे, पाहुणा म्हणून राहण्याचा नाही. राहायचं तर वेगळा करार हवा. ही रेघ त्याने मारली कारण ‘भेटीला’ म्हणून गेलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांनी कुठे काय केलं हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या उदाहरणांत हिंदुस्थानही आहे. गंमत अशी की हा माणूस स्वतः आयुष्यभर कोनिग्सबर्ग आणि आसपासचा मुलूख सोडून कुठे गेला नाही. कोनिग्सबर्ग बंदर होतं. जग त्याच्या दारात येत होतं, बहुधा तेवढं पुरत होतं.

कांटच्या कसोटीवर आम्ही शंभर टक्के पास. आम्ही फक्त भेट दिली. कोणाच्या घरात राहिलो नाही, कोणाचं काही मागितलं नाही. मग देणं कसलं?

बाबांचं म्हणणं नेमकं हेच होतं, कांट न वाचता. “पैसे भरलेत. कोणाचे उपकार नाहीत.” हे वाक्य ते आयुष्यभर म्हणत आलेत, आणि मी ते उथळ मानत नाही. माझे आजोबा चिपळुणात वार लावून जेवले. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी: गरीब विद्यार्थ्याने सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असं सात घरी जेवून शिक्षण पुरं करायचं. तेही वार ठरवून येणारे पाहुणेच. आजोबांना पुढे नोकरी लागली, घर झालं, पण गुरुवारच्या घरातल्या बाईंनी वाढलेला दुसरा भात आणि त्याबरोबर मिळणारी नजर ते म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत. आपण पाहुणचाराचे गोडवे गातो ते बहुतेक वेळा वाढणाऱ्याच्या बाजूने. पानावर बसलेल्याला काय वाटतं ते वेगळं असू शकतं. पैसे दिले की मान खाली घालावी लागत नाही. बाबांसाठी तिकीट ही व्यवहाराची गोष्ट नाही, स्वाभिमानाची आहे. ज्याला आपण नाकं मुरडत ‘कंझ्युमर’ म्हणतो, तो पुष्कळदा उपकारांच्या ओझ्यातून सुटलेला माणूस असतो.

तेव्हा ‘सहा तासांत काय देश बघणार’ या प्रकारच्या टीकेत मी सामील होणार नाही. सावकाश प्रवास करा, स्थानिकांसोबत महिनाभर राहा, हा सल्ला ज्यांच्याकडे भक्कम पासपोर्ट, लांब सुट्टी आणि ठणठणीत गुडघे असतात त्यांचा असतो. बाबांचा एक गुडघा बदललेला आहे. आईला रोज नव्या हॉटेलात बॅग उघडायचा कंटाळा येतो. त्यांना आइसलंड दिसणार होतं तर असंच दिसणार होतं.

पण ‘पैसे भरलेत’ हे खरं तर कोणाला भरलेत? आमची सहल जहाजानेच विकलेली होती. तिचं मुख्य आकर्षण धबधबा नव्हे, हमी. जहाजाची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. तुम्ही गावातल्या एखाद्या ड्रायव्हरशी परस्पर ठरवून गेलात आणि वाटेत टायर पंक्चर झालं, तर जहाज तुमच्याशिवाय निघतं. म्हणजे पैसा थेट गावात द्यायचा असेल तर धोका तुमचा. आम्ही हमी विकत घेतली. गुडघ्याचा विचार करता पुन्हाही घेऊ. माझ्या धंद्यात याला एसएलए म्हणतात: काय मिळेल, किती वेळात, चुकलं तर भरपाई काय, सगळं आधी लिहून. क्रूझची सहल म्हणजे जमिनीवर उतरवलेला एसएलए. त्यात धबधब्याला चाळीस मिनिटं होती.

आइसलंड सरकारनेही आपल्या बाजूने हिशेब मांडलाय. जानेवारी २०२५मध्ये क्रूझच्या प्रत्येक प्रवाशामागे, देशाच्या हद्दीतल्या प्रत्येक चोवीस तासांसाठी अडीच हजार क्रोना असा पायाभूत सुविधांचा कर लागू झाला. रस्ते, पायवाटा, संडास, कचरा यांचा खर्च कोणीतरी द्यायचाच, तर येणाऱ्याने द्यावा. मला हे पटतं. पण करातून खर्च फिटतो. मी ज्या देण्याविषयी विचारतोय ते यात बसत नाही, आणि का बसत नाही हे मला धबधब्यावर थोडं कळलं.

गोदाफॉस उंचीला अवघा बारा मीटर. अर्धगोल कड्यावरून नदी रुंद पसरून कोसळते, त्यामुळे फोटोत भव्य दिसतो. (बाबांनी उंची ऐकली आणि गप्प बसले. तो विषय पुढे येईल.) नावाचा अर्थ देवांचा धबधबा, किंवा ‘गोदी’चा, म्हणजे जुन्या काळातल्या सरदार-पुजाऱ्याचा. गाइड सांगते ती गोष्ट अशी: सन १०००च्या सुमारास आइसलंडमध्ये जुन्या देवांना मानणारे आणि नवे ख्रिस्ती यांच्यात यादवी पेटायच्या बेतात होती. निवाडा थॉर्गेर नावाच्या विधिवक्त्यावर, म्हणजे लोकसभेत कायदा तोंडपाठ सांगणाऱ्या माणसावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या देवांचा. त्याने ख्रिस्ती धर्माच्या बाजूने कौल दिला आणि घरी परतताना आपल्या देवांच्या मूर्ती या धबधब्यात टाकल्या.

मूर्ती टाकल्याचा भाग बाराव्या शतकातल्या आरी थॉर्गिल्सनच्या इतिहासात नाही. तो मागाहून चिकटलेला आहे. आरीने जे लिहिलंय ते मला जास्त मोलाचं वाटतं. थॉर्गेर पांघरूण अंगावर ओढून एक दिवस आणि एक रात्र पडून राहिला, कोणाशी एक शब्द बोलला नाही. उठल्यावर त्याने लोकांना गोळा केलं, कायदा फाटला तर शांतताही फाटेल असं सांगितलं, आणि निर्णय सांगण्याआधी दोन्ही बाजूंकडून कबुली घेतली की जो सांगेन तो सगळे पाळतील. मग सांगितलं: सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यायचा. पण घोड्याचं मांस खायला मोकळीक, नको असलेलं मूल उघड्यावर टाकण्याची जुनी चाल तशीच, आणि चोरून जुन्या देवांना नैवेद्य दाखवला तर साक्षीदार मिळेपर्यंत गुन्हा नाही. काही वर्षांनी या सवलती काढून घेतल्या गेल्या. यातली एक सवलत वाचून आज अंगावर काटा येतो, तेव्हा याला आदर्श तडजोड वगैरे म्हणायला मी धजावणार नाही.

माझं लक्ष गेलं त्या कबुलीकडे. अटी ऐकण्याआधी मान्य करणं. ग्राहक असं कधीच करत नाही, त्याने करूही नये. तो आधी अटी वाचतो, निदान ‘आय अग्री’वर टिचकी मारतो. पाहुणा मात्र हेच करतो. कोणाच्या घरात पाऊल टाकताना तिथे चपला कुठे काढतात, आधी कोण जेवतं, कशावर बोलायचं नसतं हे त्याला माहीत नसतं. जे असेल ते पाळीन असं धरूनच तो उंबरा ओलांडतो. फरक पैशांचा नाहीच. खानावळीत पैसे मोजूनही माणूस पाहुण्यासारखा वागू शकतो आणि सख्ख्या मावशीकडे फुकट जेवूनही गिऱ्हाइकासारखा. फरक इतकाच की त्या जागेने आपल्याकडे अचानक काही मागितलं तर ते मागायला आपण जागा ठेवलीय का. क्रूझची सहल अशी बेतलेली असते की जागेला काही मागताच येऊ नये. पाऊस आला तर रेनकोट बसमध्ये तयार.

मागणं असतं, हे मात्र नक्की. मीवात्नचा भाग दिसतो निसर्गचित्रासारखा: उथळ तळं, लाव्हाचे काळे मनोरे, बदकं आणि ढगांसारख्या चिलटांच्या झुंडी. (मीवात्न म्हणजेच चिलटांचं तळं.) पण हे चित्र आपोआप टिकलेलं नाही. तळ्यातून निघणाऱ्या लाक्सा नदीवर मोठा जलविद्युत प्रकल्प येऊ घातला होता, ज्यात शेतजमीन बुडणार होती. २५ ऑगस्ट १९७० रोजी इथल्या शेतकऱ्यांनी जाऊन नदीवरचं एक धरण सुरुंगाने उडवून दिलं. सुरुंग कोणी लावला हे कोणी सांगेना. ६५ जणांवर खटला चालला. पुढे तो मोठा प्रकल्प बारगळला आणि १९७४मध्ये तळं आणि नदी यांच्या संरक्षणाचा वेगळा कायदा झाला. हे मुळशीच्या आणि नर्मदेच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला नीट कळावं. आमच्या गाइडने बदकांच्या जाती सांगितल्या, धरणाचा विषय काढला नाही. माणशी वेळ ठरलेला.

आणि आता विरोधाभास बघा. ज्या दुधाळ निळ्या पाण्यात आम्ही डुंबलो ते ‘नैसर्गिक’ म्हणवणारं कुंड २००४ साली सुरू झालं, आणि त्याचं पाणी येतं सरकारी वीज कंपनीच्या ब्यार्नारफ्लाग इथल्या विंधनविहिरीतून. येताना त्याचं तापमान सुमारे १३० अंश असतं, ते छत्तीस ते चाळीसपर्यंत उतरवतात. शेजारीच १९६९चं, तीन मेगावॉट क्षमतेनं सुरू झालेलं भू-औष्णिक वीजकेंद्र. निळा रंग पाण्यातल्या सिलिकाचा. दक्षिणेतलं प्रसिद्ध ब्लू लगून तर सरळसरळ वीजकेंद्राच्या सांडपाण्याने साठलेलं तळं. आकुरेरीहून येताना बस ज्या साडेसात किलोमीटरच्या बोगद्यातून जाते, तो खणताना गरम पाणी फुटून काम अडलं होतं. त्याच पाण्यावर २०२२मध्ये गावासमोर आणखी एक स्नानकुंड उभं राहिलं. ऑफिसातला एक मित्र हे ऐकून म्हणाला, “म्हणजे फसवणूकच की.” मला नाही वाटत. ज्या मुलखाने एक धरण उडवलं त्यानेच शेजारची वाफ वापरू दिली. काय द्यायचं आणि काय नाही हे तिथल्या माणसांनी भांडून ठरवलंय. घर म्हणतात ते यालाच.

त्या घराचा एक नियम आम्हाला पाळावा लागला. आइसलंडमध्ये सार्वजनिक पाण्यात उतरण्याआधी साबण लावून पूर्ण विवस्त्र अंघोळ करायची असते. पोहायचे कपडे नंतर. भिंतीवर माणसाच्या शरीराचं चित्र असतं आणि कुठे कुठे घासायचं ते रंगवून दाखवलेलं असतं. बायकांचा विभाग वेगळा, पण आत सगळ्या एकत्र. आम्हा पुरुषांचं आटोपलं. आई पंचवीस मिनिटं बाहेर आली नाही.

आईने वज्रेश्वरीच्या कुंडात साडीसकट अंघोळ केलेली आहे. कुणासमोर असं उघडं होणं तिच्या अख्ख्या आयुष्यात बसत नाही. तिने नंतर सांगितलं ते असं: तिथल्या बाईने पोशाखाकडे बोट करून मान हलवली, रागावली नाही, हसलीही नाही. आई बाकावर बसून राहिली. तेवढ्यात तीच बाई आपली पाळी संपवून आली, कपडे काढले, चित्रात दाखवल्याप्रमाणे घासून अंघोळ केली आणि पाण्याकडे गेली. मग आई उठली. “त्यांचं सोवळं आहे ते,” ती म्हणाली. “पाळायला काय झालं?”

जोडवी मात्र तिने काढली नाहीत. पाण्यात गंधक असतं, चांदी काळी पडते, दागिने काढून ठेवा अशी पाटी होती. “पडू दे काळी. घरी चिंचेने घासीन.” पाहुण्याने सगळंच ऐकायचं असतं असं नाही.

सोवळं हा शब्द तिने सहज वापरला, पण मी त्यावर अडकलो. पाण्याचे नियम आपल्याला नवे नाहीत. २० मार्च १९२७ला बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि नंतर सनातन्यांनी पंचगव्य ओतून ते तळं ‘शुद्ध’ केलं. आमच्या घरातलं सोवळं त्याच कुळातलं. तर मग आई पाळत होती तो नियम आणि हा नियम यांत मी फरक कशावर करतो? मला सापडलेलं उत्तर एवढंच: एक नियम तुम्हाला काहीतरी करायला सांगतो, दुसरा तुम्ही कोण आहात ते विचारतो. घासून अंघोळ करणं कोणालाही जमतं, बाकावर बसून मनाशी झगडून का होईना. विशिष्ट घरात जन्म घेणं कोणाच्या हातात नसतं. आणि इथे नियम सांगणारी बाई स्वतः तोच पाळून पाण्यात उतरली. आजोबांना गुरुवारच्या घरी वेगळ्या पंगतीत बसवत. तिथे यजमानाचा नियम फक्त पाहुण्यासाठी होता. माझ्या मते बाबांच्या ‘उपकार नाहीत’मागे हे आहे, भात नव्हे, पंगत.

आता ज्या माणसाला या सगळ्यात मी विसरून चाललो होतो तो. आमची केबिन आवरणारा मुलगा गोव्याचा, सासष्टीचा. त्याची कोंकणी आणि बाबांची चिपळूणवळणाची मराठी यांचं पहिल्याच दिवशी जमलं. आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार अशा कामगाराला चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. आठवड्यात तास १६८ असतात. वजाबाकी तुम्हीच करा. तो आकुरेरीला त्या उन्हाळ्यात सहाव्यांदा आला होता. बाबांनी विचारलं, धबधबा पाहिलास का? नाही. बंदराजवळ फुकट वायफाय मिळतं, तिथे बसून घरी व्हिडिओ कॉल करतो, म्हणाला. मग हसून: “पाणीच की अंकल. आमच्याकडे दूधसागर आहे.” दूधसागर तीनशे मीटरच्या वर आहे. बारा मीटरपासून गप्प असलेल्या बाबांना एकदम बळ आलं आणि दोघांनी मिळून आइसलंडला पाच मिनिटं धारेवर धरलं.

पण त्या रात्री बाबा अस्वस्थ होते. कोणावर भार टाकला नाही हा त्यांचा हिशेब होता, आणि आमची गादी रोज कोण झटकतं ते समोर आलं होतं. याचेही पैसे भरलेलेच होते. टिपही दिली. शेवटच्या दिवशी त्यांनी त्याला एका कागदावर ठाण्याचा पत्ता लिहून दिला. करार संपल्यावर मुंबईत उतरशील तेव्हा सरळ घरी ये, कळवायची गरज नाही, जेवायला असशीलच. आई मागून म्हणाली, “मासे मिळणार नाहीत पण.” त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

त्याचा करार ऑक्टोबरात संपला असणार. अजून आलेला नाही. आईचं म्हणणं, नंबर घ्यायला हवा होता. बाबा म्हणतात, नंबर घेतला असता तर ते बोलावणं राहिलं नसतं. आमच्याकडे रविवारी दुपारी बेल वाजली की हल्ली तेच दार उघडायला उठतात, गुडघा धरून.